रविवारचा फोटो

आबांचा आवाज आला तेव्हा प्रांजली गारखेड्यातल्या खोलीच्या गॅलरीत ओली चादर पिळत होती. रविवारचा फोटो पाठवून झाला होता. घरच्या ग्रुपवर आईचे जोडलेले हात येऊन पडले होते, धाकट्या अपेक्षाने लाल बदामांची रांग लावली होती, म्हणजे या आठवड्यापुरतं उरकलं होतं. आबांचं, म्हणजे वडिलांचं, तर कधीच काही नसायचं. ते एक अंगठा टाकायचे आणि आपल्या कामाला लागायचे. आज मात्र त्यांनी बोलून पाठवलं होतं, आणि बोलण्याआधी घसा खाकरला होता, जसा ते तहसील कचेरीत साहेबासमोर खाकरत. "फोटो बेस हाये माय," ते म्हणत होते. "पण ही मेंढरं आत्ताच कातरलेली दिसत्यात. येवढ्या थंडीत कोन कातरतं? मरतील की ती." एवढंच. मागून कुणीतरी बादली आपटल्याचा आवाज, आणि संपलं. चादरीतलं पाणी तिच्या पायांवर गळत राहिलं. तिने तो फोटो पुन्हा उघडला, बोटांनी मोठा केला. हिरव्या डोंगराच्या उतारावर ती हसत उभी होती, आणि मागे, जिथे तिचं कधी लक्षही गेलं नव्हतं तिथे, मेंढ्या चरत होत्या, पांढऱ्याफटक, उघड्याबोडक्या, अंगावर कातरल्याचे पट्टे अजून तसेच. फोटो उन्हाळ्यातला होता, तिकडच्या उन्हाळ्यातला. आणि आज फेब्रुवारी संपायला आला होता. एवढे महिने तिने किती जपलं होतं! झाडांची पानं बघून फोटो निवडले, अंगावरचे कपडे बघून निवडले, एकदा तर मागच्या दुकानात नाताळची सजावट दिसते म्हणून एक सुंदर फोटो डिसेंबरपर्यंत राखून ठेवला. मेंढ्यांचं तिला सुचलं नाही. धनगराच्या घरात जन्मून नेमकं तेच सुचलं नाही, याचं तिला हसू आलं, आणि मग तिने आधी पाठवलेले सगळे फोटो पुन्हा एकेक करून तपासायला घेतले.

कारण प्रांजली इंग्लंडात नव्हतीच. दिवाळीच्या आधीपासून ती इथे जिल्ह्याच्या शहरात होती, गारखेड्यात, तनुजा नावाच्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या खोलीत वाटेकरी होऊन. वैजापूरजवळचं तिचं गाव इथून एसटीने जेमतेम दोन तासांवर, आणि त्या गावाच्या दृष्टीने ती सातासमुद्रापलीकडे नोकरी करत होती, शनिवार-रविवार फिरत होती, गाण्याबजावण्याला जात होती. हे खोटं तिने बेतून रचलेलं नव्हतं. लीड्सला शिक्षण संपलं, व्हिसाची मुदत होती तोवर तिने नोकरी शोधली. एका मुलाखतीनंतर ती घरी फोनवर म्हणाली की चांगली झाली, होईल बहुतेक. तेवढं वाक्य आईच्या तोंडून शेजारी गेलं, शेजारून पारावर गेलं, आणि पारावर पोचेतो त्यातलं 'बहुतेक' गळून पडलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या पोरांनी तिच्या अभिनंदनाचा फोटो स्टेटसला ठेवला. तिने तो पाहिला, आणि उद्या सांगू म्हणाली. उद्या आबांचा आवाज फुललेला होता. परवा नकार आला. मग मुदत संपली, बॅगा भरल्या, आणि मुंबईहून ती बसमध्ये बसली ती घरी जाऊन सगळं सांगायचं असं ठरवूनच.

बस वैजापूरला थांबली होती. हे तिला रोज आठवायचं, भाजी चिरताना, गाडीवर सिग्नलला उभी असताना, कधीही. ड्रायव्हर चहाला उतरला होता. खिडकीतून तिला बाहेरच्या हातगाडीवर पसरलेला एक बॅनर दिसला, उन्हाने विटलेला, खाली कांदे झाकलेले. बॅनरवर ती होती. फेट्यातली, तिला न विचारता कुणीतरी फेटा चिकटवलेली प्रांजली, 'समाजाची वाघीण' वगैरे, परदेशी जाताना तालुक्यात लावलेला. वाघिणीच्या कपाळाखालून कांद्यांचा ढीग वर आला होता. गाडीवाल्याने एक कोपरा उचलून गिऱ्हाइकाला कांदे दाखवले आणि तिचा अर्धा चेहरा दुमडला. ती सीटवरून उठली, बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला, आणि उभीच राहिली. मागच्या बाईने विचारलं, उतरायचं का ताई? ती नाही म्हणाली. ड्रायव्हर आला, बस सुटली, आणि तिच्या गावचा फाटा मागे निघून गेला. त्या वेळी तिला हलकं वाटलं होतं, याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

लाज वाटायची, कारण तिच्या घरात तर तिला कुणी काही विचारलंच नसतं. आजोबा, बिरूआज्जा, मेंढरं घेऊन दिवाळीनंतर निघायचे ते पावसाच्या तोंडावर परत यायचे, आणि त्या घरची रीत अशी की रानातून आलेल्याला मेंढरं किती राहिली हे विचारायचं नाही. आधी पाणी, मग भाकर, मग घोंगडं टाकून द्यायचं. तो आपणहून सांगेल तेव्हा ऐकायचं. एका वर्षी गारपिटीने निम्मा कळप गेला. आज्जा परत आले आणि ओट्यावर बसून राहिले. कळप समोर दिसत होता, आंधळ्यालाही कळलं असतं, तरी आजी त्यांच्यापुढे ताट ठेवायची आणि जनावरांच्या पाण्याचं बोलायची. कितीतरी दिवसांनी एका दुपारी आज्जा स्वतःच म्हणाले, गेली बरीच. आजी म्हणाली, व्हय. बास. लहानपणी प्रांजलीला ती रीत अडाणीपणाची वाटली होती. आता वाटत होतं की माणसाने माणसासाठी याहून मोठं काही केलं नसेल. आणि ती रीत तिच्यासाठी उघडी असताना ती बसमध्ये बसून राहिली होती.

तिने आबांना उत्तर लिहिलं, इथे त्यांना गरम शेडमध्ये ठेवतात आबा. लिहिताना तिलाच पटेना, कारण फोटोत डोंगर होता, दगडांच्या बुटक्या भिंती होत्या, शेड कुठे नव्हतं. थोड्या वेळाने अंगठा आला. नेहमीसारखाच पिवळा, पण तिला तो बराच वेळ बघवेना.

सोमवारी ती कामावर गेली. काम म्हणजे अदालत रोडवरच्या एका केंद्रात परदेशी जाऊ पाहणाऱ्या पोरांना सल्ला द्यायचा. हसावं की रडावं असं ते काम होतं, आणि ती बहुधा पहिलं करायची. केंद्राचे मालक सुदर्शन सर हुशार माणूस. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिचं विद्यापीठ, अभ्यासक्रम, प्रयोगशाळा यांचं सादरीकरण पाहिलं आणि म्हणाले, मॅडम, अभ्यासाचं राहू द्या, ते पोरांच्या बापांना दाखवू, पोरांना तुमचे वीकेंड दाखवा. तेव्हापासून ती पडद्यावर वीकेंड दाखवत होती. गारठलेल्या पहाटे सुटणारी बस, किल्ल्याचं शहर, समुद्रकाठचं गाव, कागदाच्या पुडीतले मासे-बटाटे, भर चौकात वाजणारा बँड. जालना, करमाड, कन्नडकडून आलेली पोरं मान पुढे काढून बघत, त्यांचे डोळे मोठे होत, आणि तिच्या आवाजात आपोआप एक लाडिकपणा येई, जो तिचा नव्हता. तेच फोटो दुपारी पोरांना आणि रविवारी घरच्यांना. एखाद्या फोटोखाली तिने घरी काय लिहिलं होतं आणि वर्गात काय सांगितलं होतं याची तिच्या डोक्यात सरमिसळ होऊ लागली होती. आणि वाईट म्हणजे, मुळात तिथे काय झालं होतं ते मागे मागे सरकत चाललं होतं. त्या समुद्राचा वास कसा होता? तिला आठवायचं ते 'इथे वाऱ्याने टोपी उडते, जपून' हे वाक्य, ज्यावर वर्ग हसायचा.

त्या आठवड्यात मेंढ्यांच्या फोटोपाशी ती अडखळली. पडद्यावर तो भिंतीएवढा मोठा होता. मुलं वाट बघत होती, आणि ती त्या उतारावर परत जाऊन उभी राहिली. एस्तेर, तिची घानाहून आलेली खोलीमैत्रीण, फोटो काढत होती आणि ओरडून सांगत होती, हस, हस, तुझी आई बघणार आहे. त्या सकाळी ती हसली ते आईसाठीच. प्रत्येक सहलीत असंच होतं. कुठेही पोचलं की आधी मनात यायचं, हे घरी कसं दिसेल. डोंगर दिसायच्या आधी डोंगराचा फोटो दिसायचा. शनिवारी फिरली नाही तर आईचा फोन यायचा, बरं नाही का गं, आज कुठं गेली नाहीस? घरच्यांना वाटायचं की फिरते म्हणजे पोर सुखात आहे. बाकी मुलं शनिवार-रविवार खोलीत बसून नोकरीचे अर्ज पाठवत, ती बसमध्ये बसून सुख पाठवत होती. अर्ज तीही पाठवायची, खूप पाठवले, तरी मन आता एकच रेकॉर्ड लावून बसलं होतं, की तू फिरलीस म्हणून बुडालीस. ते खरं नव्हतं. ते खरं नव्हतं हे माहीत असून काही उपयोग होत नव्हता. "मॅडम, पुढचा," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आणि तिने पुढचा लावला.

पुढचा गाण्याचा होता. देवळासारख्या उंच चर्चमध्ये दुपारी फुकट ऑर्गन वाजायचा, तिथला. ऐकायला म्हातारी माणसंच, आणि त्यातली निम्मी छान झोपलेली. पहिल्यांदा गेली तेव्हा तिलाही डुलकी लागली आणि शेजारच्या आजोबांनी तिच्या हातात गोळी ठेवली, खोकल्याची. नंतर ती तिथे एकटी जायला लागली. इतका मोठा आवाज आणि त्यात कुणाचंच तिच्याकडे काही मागणं नाही, हे तिला फार आवडलं होतं. पण ज्या कार्यक्रमाची तिला खरी आठवण होती, त्याचा फोटोच नव्हता. एस्तेरने ओढून नेलं होतं, एका प्रचंड हॉलमध्ये, उभ्याने, हजारो माणसांत. तिचा फोन दारातच बंद पडला. सुरुवातीला तिला हात कुठे ठेवावेत कळेना. मग गाणी सुरू झाली, एकाही गाण्याचा शब्द तिला येत नव्हता, आणि खालची जमीन थरथरायला लागली. ती थरथर पायांतून छातीपर्यंत चढली आणि ती रडायला लागली. दुःखाने नाही. तिथे ती कुणाची वाघीण नव्हती, कुणाची लेक नव्हती, तिला कुठे पोचायचं नव्हतं. शेजारच्या अनोळखी बाईने तिच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघी डोलत राहिल्या. दोन वर्षांत तेवढंच एक तिचं होतं. ते तिला घरी पाठवता येत नव्हतं आणि वर्गात दाखवता येत नव्हतं, म्हणून अजून शाबूत होतं.

मार्च लागला, ऊन वाढलं, गॅलरीतल्या तुळशीने मान टाकली. आबांनी मेंढ्यांचं पुन्हा काढलं नाही. ती रविवारी फोटो पाठवत राहिली, फार बघून, आता तर आभाळाचेही ढग तपासून. मध्येच घरून बातमी आली की अपेक्षाचं जमतंय, करमाडचं स्थळ, मुलगा शेंद्र्याच्या कंपनीत आहे, घरची जमीन आहे. आईचा आनंद फोनमध्ये मावत नव्हता. मुलाची आई म्हणे सगळ्यांना सांगते, आमच्या सुनेची बहीण इंग्लंडात असते. प्रांजलीने छान छान म्हटलं. मग दिवसभर ती उगाच खोली झाडत बसली. तनुजाने विचारलं, काय झालं? बहिणीचं लग्न ठरतंय, ती म्हणाली. अगं मग चांगलंय की, तनुजा म्हणाली, आता तरी जा घरी, या निमित्ताने तरी सांगून टाक. तनुजाला सगळं ठाऊक होतं आणि तिचा सल्लाही कायम तोच होता. त्या संध्याकाळी प्रांजलीने मनाशी ठरवलं, की साखरपुडा झाला की जायचं. पाणी पिऊन ओट्यावर बसायचं. कुणी विचारणार नाही. मग एखाद्या दुपारी म्हणायचं, गेलं सगळं. कुणीतरी व्हय म्हणेल. ते एवढं सोपं दिसत होतं की तिला बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

आणि साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा निरोप आला. तिला वाटलं पेढ्यांचे, हारांचे फोटो असतील. आबांनी लिहिलं होतं, करमाडला माझा एकट्याचा मुक्काम झाला, बाकी सगळे कालच गेले. परत जाताना सिडकोच्या स्टँडवर उतरतो. तिथं ये.

तिने ते इतक्या वेळा वाचलं की अक्षरांचा अर्थ उडून गेला. कुठे आहेस, नाही. खरं का, नाही. तिथं ये, जसं शाळा सुटल्यावर सांगायचे, वडाखाली थांब. रिक्षात बसल्यावर तिला भीती वाटली नाही याचं तिला नवल वाटलं. उलट अंग सैल पडलं होतं, ताप उतरल्यावर पडतं तसं. आबांना कळलं, म्हणजे आता तिला काही करायचं उरलं नव्हतं. ते म्हणतील चल, आणि ती त्यांच्याबरोबर बसमध्ये चढेल, बॅगा नंतर तनुजा पाठवेल. रिक्षावाल्याने विचारलं, "स्टँड के अंदर लेऊं क्या बहेन?" ती म्हणाली, हो, अगदी आत.

आबा रसवंतीच्या सावलीला बाकावर बसले होते. काल साखरपुड्यात बांधलेला फेटा उतरून मांडीवर ठेवलेला, टोपी डोक्यावर, पांढरा सदरा नवा. ती वाकून पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही. मग पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढून तिच्या हातात दिला, बहिणीचे आहेत, खा म्हणाले. वाळलीस म्हणाले. जेवायला कोण करतं, खोली कुठे आहे, पाणी येतं का, असं एकेक विचारत राहिले. परदेशाचा प नाही, नोकरीचा न नाही. ते घरची रीत पाळत होते. तिला एकदम भरून आलं, आणि तिने आपणहून सांगितलं, सगळं, बॅनरखालच्या कांद्यांसकट. आबा समोरच्या बसकडे बघत ऐकत होते.

"मला म्हाईत झालं होतं," ते म्हणाले. "मेंढरं बघून शंका आली. मग तू शेडचं बोललीस. डोंगरावरची मेंढरं हायेत माय ती, शेडातली न्हाईत. म्हनलं पोर तिथं नाय. मग कुठं हाये, तर भारत म्हनला गारखेड्यात दिसली." भारत तिचा चुलतभाऊ, इथेच कॉलेजला होता. "त्याला म्या गप ऱ्हा म्हनलं. तुझ्या आईला काई बोललो नाय."

रसवाल्याने दोन ग्लास आणून ठेवले. आबांनी एक तिच्याकडे सरकवला. ती म्हणाली, "आबा, मी येते घरी. आजच येते." आणि ती उठायलाच निघाली, पेढ्यांचा पुडा पर्समध्ये कोंबत. आबा उठले नाहीत. त्यांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. त्यांचे डोळे लाल झाले होते. ते इतके दिवस न विचारता राहिले होते ते तिला वाटलं होतं त्या कारणाने नव्हे, हे तिला त्या टोपीवरून कळलं.

"रानातून आलेल्याला विचारत नाय आपुन," ते हळू म्हणाले. "पण तू आलीच न्हाईस ना अजून. लोकांच्या हिशोबी तू तिकडंच हायेस. करमाडच्या लोकायनी काल भर मांडवात तुझं नाव घेतलं. सासूनं तुझा फोटो दाखिवला पावन्यांना. आता तू दारात हुबी ऱ्हायलीस तर आपली धाकटीच खोटी पडती, अन तिच्यासंगं मीबी." मांडीवरच्या फेट्याचं टोक त्यांनी आत खोचलं. मग म्हणाले, "लग्न व्हऊ दे."

मग कधी, हे तिने विचारलं नाही. लग्नानंतर वर्षाचा सण येईल, मग पहिलं बाळंतपण येईल, सासू नातवाला सांगेल तुझी मावशी कुठे असते ते. हे सगळं तिला तिथल्या तिथे दिसलं, आणि हेही, की आबा वाईट नाहीत. ते वाईट असते तर तिला भांडता आलं असतं. घराकडे जाणारी जी एक वाट इतके महिने उघडी आहे असं ती समजत होती, तिच्या तोंडाशी तिचा बाप बसला होता, आणि तो रडत होता. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बरं म्हणाली. रस प्या, गरम होईल म्हणाली.

वैजापूरची बस लागली तशी गर्दी झाली. आबांनी फेटा बगलेत धरला, एका हाताने दांडी पकडली, पायरीवर चढले, आणि मागची माणसं ढकलत असताना वळून तिच्याकडे बघितलं. लग्नाची तारीख एप्रिलच्या शेवटाची होती, ती तिला ठाऊक होती. त्यांनी आवाज खाली आणला, जसं एखाद्याला प्रवासाला निघताना सांगावं तसं.

"अक्षता पडल्या की अपेक्षाला व्हिडिओ लाव," ते म्हणाले. "समदे बघतील. खिडकी लावून बस, ऊन दिसाय नको. अन अंगात स्वेटर घाल."

"घालते आबा," ती म्हणाली.